पिशवीवरचे ऐंशी टक्के : खरे की खोटे, कसे ठरवायचे?

(चंद्रपूर-गडचिरोलीच्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज भावावर बोलायचे नाही, कर्जावरही बोलायचे नाही. आज शंभर दाण्यांवर बोलायचे आहे.

रोहिण्या आठ-दहा दिवसांवर आल्या आहेत. त्यांच्या मागोमाग मृग. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पलीकडे आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी, सगळीकडे पऱ्हे टाकायच्या तयारीला लोक लागले आहेत. वरोरा, राजुरा, कोरपन्याकडे सोयाबीनच्या पिशव्या घरात येऊन पडल्या आहेत. प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी आहे. धानाच्या चिठ्ठीवर छापले आहे, उगवणशक्ती किमान ८० टक्के. सोयाबीनच्या चिठ्ठीवर, किमान ७० टक्के. हे आकडे कोणी मनाने छापलेले नाहीत. १९६६ च्या बियाणे कायद्याने पिकापिकाची किमान उगवणशक्ती ठरवून देण्याची व्यवस्था केली. त्यानुसार प्रमाणित बियाण्याला धानासाठी ८० आणि सोयाबीनसाठी ७० ही पायरी आहे.

प्रश्न एवढाच की पिशवीतला माल चिठ्ठीप्रमाणे आहे का? आणि तो तसा नाही असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या म्हणण्याला आधार किती?

आमचीच एक फजिती आधी सांगतो. दुसऱ्याची सांगितली की हसायला येते, आपली सांगितली की शिकायला मिळते. काही वर्षांपूर्वी आमच्यातला एक भाऊ ओल्या फडक्यात दहा दाणे घेऊन आला. दहातले सहा उगवले होते, चार तसेच पडून होते. तो म्हणाला, "ऐंशी टक्के लिहिले आहे आणि साठच उगवले. ही फसवणूक आहे." आम्हीही तापलो. चाळीस-पन्नास माणसे घेऊन कचेरीत गेलो, घोषणा दिल्या. समोरच्या माणसाने शांतपणे तीन प्रश्न विचारले. दाणे किती घेतले? पिशवीच्या कोणत्या भागातून घेतले? चांगल्या पिशवीतूनसुद्धा दहातले सहाच उगवावेत, असे कितीदा घडते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना आमचा आवाज खाली गेला. दुसऱ्याला आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. तिसऱ्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

त्या दिवशी आम्ही हात हलवत परत आलो. बियाणे खरेच वाईट होते की नाही, ते आजही आम्हाला ठाऊक नाही. कारण तोवर ते पेरून झाले होते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नंतर शोधले. पिशवी अगदी चिठ्ठीप्रमाणे ८० टक्क्यांची आहे असे धरा. त्यातून दहा-दहा दाणे पुन्हा पुन्हा काढून भिजवत राहिलो, तर शंभरातल्या बारा वेळा सहा किंवा त्याहून कमी दाणे उगवतील. म्हणजे साधारण आठात एकदा. पिशवी प्रामाणिक, विकणारा प्रामाणिक, तरीही आठात एकदा आपल्याला "फसवणूक" दिसणार. एवढ्या पुराव्यावर आम्ही माणसे गोळा करून गेलो होतो.

या विचार करण्याच्या पद्धतीला संख्याशास्त्रात गृहीतकाची परीक्षा म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. न्यायालयात आरोपी आधी निर्दोष धरतात आणि मग पुरावा पाहतात. इथेही तसेच. पिशवीवरचा दावा आधी खरा धरायचा. ८० टक्के म्हणता ना? ठीक आहे, धरले ८० टक्के. मग विचारायचे की दावा खरा असता, तर आमच्या फडक्यावर जे दिसते आहे ते घडण्याची शक्यता किती? ती बरी असेल तर दाव्याला धक्का लागत नाही. ती इतकी थोडी निघाली की योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही, तर दावा सोडायचा.

आता दहाऐवजी शंभर दाणे घ्या. ८० टक्क्यांची पिशवी असली तर शंभरातले बरोबर ८० उगवतील का? नाही. कधी ८३, कधी ७८, कधी ७५. हा चढउतार साधारण किती असतो, ते काढण्याचा एक हिशेब आहे. दाण्यांची संख्या, त्याला उगवणाऱ्यांच्या हिश्श्याने गुणा, मग न उगवणाऱ्यांच्या हिश्श्याने गुणा आणि त्याचे वर्गमूळ घ्या. शंभर गुणिले ०.८ गुणिले ०.२ म्हणजे १६. वर्गमूळ ४. चार दाणे इकडे, चार दाणे तिकडे, ही रोजची हेलकावणी झाली. त्याच्या दुप्पट, म्हणजे आठ दाणे खाली गेले की कान टवकारायचे. ७२ किंवा त्याहून कमी दाणे उगवणे हे चांगल्या पिशवीच्या बाबतीत शंभरात तीन-चार वेळाच घडते. म्हणून शंभर दाण्यांच्या परीक्षेत ७२ ही रेघ ओढा. सोयाबीनला पायरी ७० ची आहे. तिथे त्याच हिशेबाने रेघ ६१ वर येते.

शंभरात पाचाच्या आत शक्यता असली की दावा सोडायचा, अशी चाल फार जणांनी धरली आहे. इंग्लंडच्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकाने ती रूढ केली. ही चाल शेताच्या बांधावरच वाढली, कारखान्यात नव्हे. पण ती चाल आहे, देवाची आज्ञा नव्हे. पाचाच्या जागी दोन धरा किंवा दहा धरा. चूक झाली तर कोणाचे किती नुकसान होते, ते पाहून रेघ ओढायची असते. याकडे आम्ही पुन्हा येतो.

आता समजा, शंभरातले ७६ उगवले. दुकानदार म्हणेल, "उन्नीस-बीस चालायचेच." तो खोटे बोलत नाही. चांगल्या पिशवीतूनही ७६ किंवा कमी हे पाचात एकदा घडते. पण चारशे दाणे भिजवले आणि त्यातले ३०४ उगवले तर? टक्के काढले तर तेच ७६. पण आता चांगल्या पिशवीतून असे घडण्याची शक्यता पस्तिसात एक एवढीच उरली. टक्के तेच आणि साक्ष मात्र कितीतरी भारी. चारशे दाण्यांचा चढउतार आठ दाण्यांचा, म्हणजे शंभरी दोनचा. दाणे चौपट केले की डोळ्यांवरची धूळ निम्मी होते. बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत उगवणीसाठी चारशे दाणे, शंभराच्या चार भागांत घेतात, ते उगीच नाही. चारशे दाण्यांना धानाची रेघ ३०६ वर येते आणि सोयाबीनची २६४ वर.

चुका दोन प्रकारच्या होतात हे विसरू नका. चांगली पिशवी वाईट ठरवणे ही पहिली. आमच्या फजितीत आम्ही तिच्या तोंडाशी उभे होतो. वाईट पिशवी चांगली ठरवणे ही दुसरी. पिशवीची खरी उगवण ७० टक्के आहे असे धरा. धानासाठी ती नापास व्हायला हवी. पण शंभर दाणे आणि ७२ ची रेघ लावली, तर शंभरातल्या सुमारे तीस वेळा ती पिशवी आपल्या हातून निसटून जाते. चारशे दाणे लावले तर जवळजवळ कधीच निसटत नाही. म्हणून परीक्षेत पास झाली म्हणजे पिशवी ८० टक्क्यांची सिद्ध झाली, असे म्हणू नका. तिच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही, एवढेच म्हणा. आरोपी सुटला म्हणजे तो साधुसंत ठरला असे नाही.

आता रेघ कुठे ओढायची ते बोलू. आपल्यासमोर दोन वेगळे निर्णय असतात. एक घरातला निर्णय, ही पिशवी पेरायची की नाही. दुसरा चावडीवरचा, कोणावर आरोप करायचा की नाही. दोन्हींना एक रेघ चालत नाही. पऱ्हे फसले तर आपला हंगाम जातो. पुन्हा टाकायला बियाणे नसते, असले तरी पाऊस थांबत नाही आणि रोवणी मागे पडते. म्हणून घरच्या निर्णयाला संशयाची रेघ सैल ठेवा. शंभरातले ७६ आले तरी पुन्हा परीक्षा लावा, पिशवी बदलून मागा, नाहीच जमले तर त्या हिशेबाने बियाणे जास्त धरा. पण दुसऱ्यावर बोट दाखवायचे असेल तर रेघ आवळा, दाणे वाढवा. आपल्या चुलीपाशी शंका पुरते. चारचौघांत पुरावा लागतो.

हे सगळे शहरातल्या शिकलेल्यांचे काम, असे ज्याला वाटते त्याने गडचिरोलीकडे पाहावे. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून नवजात बाळांच्या मृत्यूचा अभ्यास केला. त्यांचा प्रश्न आपल्यासारखाच होता. हजार बाळे जन्मली तर महिन्याच्या आत किती दगावतात? ३९ गावांत त्यांनी गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिथे नवे काम केले नाही, पण मोजणी मात्र केली. सुरुवातीला हजारी मृत्यू एका बाजूला ६२ आणि दुसऱ्या बाजूला ५८. म्हणजे दोन्हीकडे सारखीच वाईट स्थिती. घरच्या काळजीच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांत तो आकडा २५.५ वर आला. ४७ गावांत जवळपास होता तिथेच राहिला.

आता शंकेखोराने विचारावे, आणि विचारलेच पाहिजे, की एखादे वर्षच चांगले गेले असेल, योगायोग असेल. त्यासाठीच तर ती ४७ गावे होती. तोच पाऊस, तीच महागाई, तेच रोग दोन्हीकडे. मग त्यांनी आपलीच पद्धत लावली. घरच्या काळजीने काहीच फरक पडत नाही असे धरले, आणि तसे असताना एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता काढली. ती हजारात एकाहूनही कमी निघाली. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. पुढे २०११ मध्ये देशाने आशा सेविकांमार्फत नवजात बाळाच्या घरच्या काळजीचा कार्यक्रम स्वीकारला. या कामाचा पाया काय होता? गडचिरोलीच्या खेड्यातल्या बायांनी एकही जन्म आणि एकही मृत्यू न गाळता केलेली मोजणी. ज्या जिल्ह्याच्या बायांनी बाळे मोजून जगाला दाखवली, त्या जिल्ह्याला दाणे मोजणे जड जाईल का?

"एकही न गाळता" हे तीन शब्द मनात धरा. आपली चळवळ इथेच घसरते. समजा वीस गावांत वीस पिशव्यांची परीक्षा झाली, शंभर-शंभर दाण्यांची. वीसही पिशव्या चांगल्या आहेत. तरी त्यातली एखादी ७२ च्या खाली जाण्याची शक्यता किती? नाणे उडवल्यासारखी, निम्मी. मग ज्या एका गावात ती गेली तोच भाऊ फडके घेऊन बैठकीला येतो. बाकीचे एकोणीस घरी बसतात, कारण त्यांना सांगण्यासारखे काही नसते. बैठकीला एकच फडके दिसते आणि आपण म्हणतो, जिल्हाभर बोगस बियाणे! उलट वीसातल्या पाच पिशव्या रेघेखाली गेल्या, तर ती गोष्ट निराळी. सगळा माल चांगला असता तर असे हजारात एकदाही घडले नसते. त्या दिवशी खुशाल कचेरीत जा, आम्ही पुढे असू. पण ते पाच कोणत्या वीसातले, हे वहीत लिहिलेले असले पाहिजे.

दाणे घ्यायचे कसे, तेही तितकेच महत्त्वाचे. बैठ्या डोळ्याने निवडून घेतलेले दाणे साक्ष देत नाहीत. टपोरे निवडले तर पिशवी पास, बारके निवडले तर नापास. ओल लागलेल्या कोपऱ्यातून मूठ भरली तर त्या कोपऱ्याचीच परीक्षा होते, पिशवीची नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. पिकाच्या उताऱ्याचा अंदाज काढायला कापणीचा तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडावा, अधिकाऱ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या मर्जीने नव्हे, ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. बांधावरून चांगले पीक दिसते तिथेच कोयता लावला की उतारा खोटा येतो. दाण्यांचेही तसेच. पिशवी वरून, मधून, तळातून चाचपा, सगळे एकत्र करा, कालवा आणि डोळे मिटून मोजून घ्या.

बाकी रीत तुम्हाला माहीत आहे. गोणपाट भिजवून पिळून घ्या. दहा ओळी, ओळीत दहा दाणे. गुंडाळा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. असे चार गोणपाट. धानाची शेवटची मोजणी चौदाव्या दिवशी, सोयाबीनची आठव्या. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेले रोप तेच मोजा. सडलेले, वाकडेतिकडे, नुसते फुगलेले धरू नका. आणि रेघ आधी लिहा. मोजणी झाल्यावर रेघ ओढणारा माणूस बाण मारून मग त्याभोवती गोल काढतो.

पेरणीआधी हे का, असे कोणी विचारील. कारण पेरल्यावर जमीन साक्ष देत नाही. उगवले नाही तर दोष बियाण्याचा, खोल पेरल्याचा की पावसाने दिलेल्या ताणाचा, हा वाद संपत नाही. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून हाती घेतले. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात दोन गोष्टी मान्य केल्या होत्या. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, त्याला ग्राहक मंचाचे दार उघडे आहे. आणि सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. न्यायालयाने आपली अडचण ओळखली, हे बरे झाले. पण ज्याच्याकडे पावती आहे, चिठ्ठीसकट पिशवी आहे, मूठभर राखलेले बियाणे आहे आणि चार साक्षीदारांसमोर केलेली मोजणी वहीत आहे, त्याला अडचणच कमी.

आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे २०१८ मध्ये गेले. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी लगेच डांगोरा पिटला नाही. त्या वेगळ्या राखल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्षे पुन्हा पुन्हा पाहिल्या. डोळ्याला दिसले ते खरे की नजरेचा भास, हे त्यांनी मातीला विचारले. त्यातून एचएमटी धान उभे राहिले. शंका घेणारा आणि मग सबुरीने मोजणारा शेतकरी आपल्या मातीत नवा नाही.

म्हणून या बैठकीपुढे आमची एकच सूचना आहे. रोहिण्या लागायच्या आत प्रत्येक गावाने निदान एका पिशवीचे चारशे दाणे लावावेत. मोजणी मायबहिणींनी करावी, बियाणे राखणारे हात त्यांचेच आहेत. वहीत पिशवीचा लॉट क्रमांक, दाणे कधी आणि कसे घेतले, आधी ओढलेली रेघ आणि आलेला आकडा लिहावा. नापास पिशवी लिहावी, पास झालेलीही लिहावी. सगळ्या वह्या बैठकीला याव्यात, ज्यांना सांगण्यासारखे काही नाही त्यांच्याही.

चौदा दिवसांत धानाची मोजणी पुरी होते, आणि रोहिण्यांपासून मृगापर्यंत दिवसही तितकेच असतात. मृगाचा पहिला थेंब पडेल तेव्हा आपल्या हातात घोषणा नको, आकडा हवा. पुन्हा कोणी तीन प्रश्न विचारले, तर या वेळी आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे नाही. वही उघडायची.